भुरीची आवाजाची भीती : कामाच्या नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४

राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ. भुरी ही गावठी कुत्री, वय अंदाजे चार वर्षं, वजन १४ किलो, नसबंदी झालेली. दिवसा घरी, रात्री वावरात जागलीला. मागच्या दिवाळीत साखळी तोडून पळाली आणि दोन दिवसांनी नाल्याकाठच्या पळसात सापडली. गळ्याची कातडी पट्ट्याखाली सोलून निघाली होती. यंदा जूनच्या पहिल्या वादळात पुन्हा तोच प्रकार होऊ लागला, म्हणून काम हाती घेतलं. असं कुत्रं ज्यांच्याकडे आहे त्यांनी दिवाळीची वाट न पाहता पावसाच्या तोंडाशीच सुरुवात करावी. तारखा त्यासाठीच दिल्या आहेत.

१२ जून

आठ दिवस नुसतं पाहिलं, शिकवलं काही नाही. वहीत तीन रकाने केले : आवाज कोणता, किती लांबून, आणि भुरीनं पहिलं काय केलं. चढत्या क्रमानं यादी अशी झाली : ताटली पडणं, टिनावरचा पाऊस, डफडं, गडगडाट, डुकरं हाकलायची कार्बाइडची बंदूक, सुतळी बॉम्ब.

थरथर सगळ्यांना दिसते, त्याआधीचं कोणी पाहत नाही. भुरीचं आधी चघळणं थांबतं. तोंडातला घास तोंडातच राहतो. मग कान मागे जातात, जीभ नाकावरून फिरते, झोप आलेली नसताना जांभई येते, पुढचा एक पाय उचललेला तसाच राहतो. त्यानंतर डोळ्यांचं पांढरं दिसतं, शेपूट पोटाखाली जाते. लाळ आणि थरथर सगळ्यात शेवटी. शिकवायचं काम पहिल्या खुणेच्या अलीकडेच करावं लागतं. थरथर सुटल्यावर कुत्रं काहीच शिकत नाही, तेव्हा फक्त आसरा द्यायचा.

१५ जून

तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या कानात तपकिरी मळ आणि लाली, गोचीड भरपूर, आणि मागचा उजवा पाय सांध्याशी दाबला की ओढून घेते. कानाचे थेंब, गोचीडाचं औषध, पायासाठी गोळ्या. तपासणीसह ६४० रुपये.

ही पायरी गाळू नका. अंगात दुखणं असलं की कुत्रं दचकून आखडतं, आखडलं की आणखी दुखतं, आणि ते दुखणं त्या आवाजाच्या खात्यावर जमा होतं. वरून कितीही शिकवलं तरी मग फळत नाही. घरातली माणसांची दुखण्याची गोळी मात्र कधीही देऊ नये. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

औषध संपेपर्यंत आवाजाचं काम बंद ठेवलं.

१७ ते २३ जून : आसऱ्याची जागा

पहिली चूक इथेच झाली. सोयीचं म्हणून कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, कोपरा केला. वर टिन. पाऊस आला की आत बोललेलं ऐकू येत नाही, मग भुरी तिथे कशाला थांबते? दोन दिवस उचलून नेऊन ठेवली, दोन्ही दिवस पळून मधल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली. शेवटी तिनंच दाखवलेली जागा पक्की केली. मातीची दीड फुटी भिंत, वर कवेलू (कौलं). कुत्रं घाबरल्यावर आपणहून कुठे जातं ते आधी पाहावं आणि तिथेच खर्च करावा.

बांधणी अशी : दोन बाजूंना भिंत, तिसऱ्या बाजूला तुरीच्या कुटाराची (भुशाची) पोती तीन थरांत, वर बांबूचा तट्टा आणि त्यावर दोन गोधड्या. चौथी बाजू उघडी, दोन फूट रुंद. दार लावायचं नाही. कोंडलेलं कुत्रं दार ओरबाडून नखं रक्तबंबाळ करून घेतं. पोती विटांवर ठेवली, कारण पावसाळ्यात कुटाराखाली साप-विंचू येतात. रोज संध्याकाळी भुरी आत जायच्या आधी काठीनं आणि बॅटरीनं पाहायचं. कुटाराची धूळ नाकात जाऊ नये म्हणून एका पोत्यात दुसरं घातलं.

मोबाईलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपनं आत-बाहेरचा फरक पाहिला. टाळी, ताटली असे टोकदार आवाज आत १२ ते १५ आकड्यांनी कमी येतात. गडगडाटात जेमतेम ३-४. जाड, खालचा आवाज पोत्यांना जुमानत नाही. या ॲपच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तो फक्त तुलनेपुरता. जवळच्या बारासारखा मोठा आवाज मोबाईलच्या माइकला पेलत नाही, तिथे आकडा खोटा येतो.

त्या खालच्या आवाजावर कूलर कामी आला. पाण्याची मोटर बंद, नुसता पंखा. त्याच्या घरघरीत लांबचे बार बुडून जातात. पण लाईन गेली की एकदम शांतता पसरते आणि पुढचा आवाज दुप्पट बोचतो. म्हणून सेलवरचा रेडिओ कूलरसोबतच चालू ठेवायचा, लाईन गेल्यावर नाही.

२५ ते ३० जून

आवाज नाही, फक्त पोत्यावर निवांत पडणं. घडी घातलेलं पोतं टाकलं, ती त्यावर गेली की घास. बसली की घास, मान खाली टेकली की दोन घास. सहाव्या दिवशी पोतं दिसलं की स्वतः जाऊन पडू लागली. पुढे हेच पोतं वावरात, अंगणात, सगळीकडे नेलं.

घास कशाचा हे महत्त्वाचं. भाकरीवर ती शांततेत बसते, आवाज झाला की भाकरी विसरते. उकडलेली बिनहाडाची कोंबडी, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. दिवसाला ३० ग्रॅम पुरे. पहिल्या दोन दिवशी नुसती कलेजी दिली आणि तिला ढाळ लागली. कलेजी आठवड्यातून एकदा, तीही थोडी. आणि ही कोंबडी फक्त आवाजाच्या कामालाच द्यायची, एरवी नाही.

१ ते ५ जुलै : चार दिवस वाया

मोबाईलवर फटाक्यांचा आवाज लावला. भुरीनं मानसुद्धा वळवली नाही. आम्ही खूष होऊन चार दिवसांत पूर्ण आवाजापर्यंत गेलो. पाचव्या दिवशी भजनी मंडळाचा स्पीकर आणि ॲम्प्लिफायर आणला, तेच रेकॉर्डिंग अगदी बारीक लावलं आणि ती उठून कोपऱ्यात गेली. मोबाईलच्या स्पीकरमधून आवाजाचा खालचा, छातीत बसणारा भाग निघतच नाही. तिला भीती नेमकी त्याची. मोबाईलवरचं शिकणं शिकणं नव्हे. मोठ्या पेटीचा स्पीकर मागून आणा, विकत घ्यायची गरज नाही.

६ जुलैपासून पद्धत अशी. ॲम्प्लिफायरच्या बटणावर खडूनं १ ते १० खुणा. १ म्हणजे तिचे कान नुसते हलतात, चघळणं थांबत नाही इतका. एक बार वाजवायचा, एका सेकंदात घास तोंडासमोर. मग २० ते ४० सेकंद थांबायचं, दर वेळी वेगळं. एका बैठकीत सहा ते आठ बार, पाच-सहा मिनिटं, दिवसातून दोनदा, आठवड्यात एक दिवस सुट्टी. सहापैकी पाच वेळा बार ऐकून ती घासासाठी माणसाकडे पाहते असं झालं की पुढची खूण. घास एकदा जरी नाकारला तर दोन खुणा मागे, तिथे एक सोपा बार आणि बैठक बंद.

१२ जुलै : क्रम उलटा पडला

पुन्हा अडलं. कोंबडीच्या डब्याचं झाकण उघडलं की भुरी पोत्यावरून उठून जायची. दोन दिवस समजलं नाही. मग घरातल्या मुलानं बैठकीचा व्हिडिओ काढला, त्यात दिसलं : आम्ही आधी डबा उघडत होतो, हातात घास धरत होतो आणि मग बार लावत होतो. तिच्या हिशोबानं कोंबडीचा वास आला म्हणजे आता फुटणार. आवाजानं कोंबडी येते हे शिकवायचं होतं, कोंबडीनं आवाज येतो हे शिकवून बसलो.

दुरुस्ती : तुकडे आधीच खिशात प्लास्टिकमध्ये, हात रिकामे आणि मांडीवर. बार झाल्यावरच हात खिशात. दिवसभर मधूनमधून डबा उघडून, आवाज न लावता, एखादा तुकडा द्यायचा, म्हणजे डब्याचा धसका जातो. स्पीकरची पेटीही चोवीस तास खोलीत ठेवली, रोज जागा बदलून. नाहीतर पेटी आणली म्हणजे बार होणार एवढंच कुत्रं शिकतं. यात सहा दिवस गेले.

२२ जुलै

खूण ४. बार झाला की मान झटकन खिशाकडे.

२७ जुलै : उडी

खूण ४ वरून एकदम ६. पाहुणे आले होते, त्यांना दाखवायचं होतं. पहिल्याच बाराला घास तोंडातून खाली पडला. दुसऱ्याला ती पोत्यावर नव्हतीच. खूण २ पासून पुन्हा उभारायला नऊ दिवस लागले. कुत्रं खातंय की नाही एवढा एकच मोजमापाचा काटा आहे, आणि तो कोणासाठीही पुढे ढकलता येत नाही.

९ ते २८ ऑगस्ट

खूण ७ झाल्यावर जागा बदलली : ओसरी, अंगण, वावरातली झोपडी. प्रत्येक नवीन जागी दोन-तीन खुणा मागे येऊन सुरुवात. माणूसही बदलला. एकाच माणसाच्या हातून शिकलेलं त्या माणसापुरतंच राहतं.

या दिवसांत एक सोपं कामही सुरू केलं, ते शेवटपर्यंत चाललं. घरात-बाहेर अचानक काहीही वाजलं, कढई पडली, दार आपटलं, ट्रॅक्टरनं आवाज काढला, की लगेच एक घास. बैठक नाही, तयारी नाही. वेळ कमी असेल त्यांनी किमान एवढं तरी करावं.

गडगडाटाचं रेकॉर्डिंग आठ दिवस लावून सोडून दिलं. खऱ्या वादळात आवाजाच्या कितीतरी आधी वारा फिरतो, अंधारून येतं, वीज लकाकते, मातीचा वास सुटतो. भुरी त्या वाऱ्यालाच अस्वस्थ होते. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काहीच नाही. वादळाला उपाय एकच पाळला : वारा फिरला की आत, कूलर आणि रेडिओ चालू, बार होवो न होवो पोत्यावर घास.

२ सप्टेंबर, पोळा

तोरण तुटल्यावर फटाके होतात हे माहीत असल्यानं दुपारी तीनलाच वावरात नेलं, गावापासून अंदाजे दीड किलोमीटर. छातीचा पट्टा आणि २० फुटी दोर. गळ्याच्या पट्ट्यावर भरवसा नको, मागे सरकलं की कुत्रं त्यातून मान काढून घेतं. डफडं बारीक ऐकू येत होतं, प्रत्येक लाटेला घास. बाराला कान मागे गेले, पण घास घेतला. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, घरीच. मुलांच्या टिकल्यांना काही नाही.

१७ सप्टेंबर, विसर्जन

डीजे. भिंत, खिडकीची काच, ताटं, सगळं थरथरतं आणि ते दोन-तीन तास थांबत नाही. आवाज आणि घास अशी जोडीच लावता येत नाही, कारण आवाज संपतच नाही. डीजेला शिकवायचं नाही, त्या संध्याकाळी वावरात न्यायचं, असं ठरवून टाकलं. तीन तास सहन करायला लावण्यापेक्षा दीड किलोमीटर चालणं परवडतं.

२४ सप्टेंबर : बारा दिवस मागे

रात्री साडेअकराला शेजारच्या धुऱ्यावरून (बांधावरून), तीसेक मीटरवरून, कार्बाइडच्या पाइपाचा बार झाला. तुरीत डुकरं शिरली होती. भुरी झोपडीतून सुटून घरी आली, पहाटेपर्यंत पाणीही घेतलं नाही. सकाळी कोंबडी नाकाशी धरली तरी तोंड फिरवलं.

असा धक्का बसल्यावर दोन दिवस काहीच करू नये. अंगातला ताण उतरायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी घरात, खूण १ पासून. महिना अखेरीस खूण ३, ६ ऑक्टोबरला पुन्हा ७. दुसऱ्यांदा चढताना पायऱ्या लवकर चढल्या जातात, शिकलेलं पूर्ण पुसलं जात नाही.

शेजाऱ्यांशी बोललो. डुकरं-रोह्यांपायी (रोही म्हणजे नीलगाय) त्यांचंही पीक जातं, बार बंद करा म्हणण्यात अर्थ नव्हता. "काकाजी, बार उडवाच्या आंधी एक मिसकॉल द्या जी, आमी कुत्री आत घेतो." त्यांनी मानलं आणि पाळलंही. मिसकॉल आला की भुरीला आत घेऊन घास. दिवाळी होईपर्यंत जागलीला तिला नेणं मात्र बंदच केलं. शिकत असलेल्या कुत्र्याला शिकण्याबाहेरच्या मोठ्या आवाजापासून राखणं हे अर्धं काम आहे, आणि आम्ही तेच ढिलं सोडलं होतं.

७ ते १९ ऑक्टोबर : खरे बार, लांबून

स्पीकर खऱ्या बाराची बरोबरी करूच शकत नाही, म्हणून शेवटची पायरी अंतराची. फटाक्याची कायदेशीर मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल घटतात. म्हणजे ३२ मीटरवर १०७, १२८ मीटरवर ९५, २५६ मीटरवर ८९. जवळच्या टप्प्यात चार पावलांनी जेवढा फरक पडतो, तेवढा लांबच्या टप्प्यात शंभर पावलांनी पडतो. त्यामुळे सुरुवातीला मोठी अंतरं बिनधास्त तोडता येतात, शेवटी इंचाइंचानं जावं लागतं.

एक माणूस लवंगी घेऊन ३०० मीटरवर, दुसरा भुरीजवळ. फोन कानाला, इकडून सांगितल्यावरच एक फोडायची. लडी नाही, एकेकच. ३००, २००, १५०, १२०, १००, ८०. रोज पाच बार. वारा फोडणाऱ्याकडून आपल्याकडे असेल तर आवाज जास्त येतो, त्या दिवशी अंतर वाढवायचं. ८० वर थांबलो, कारण ६० ला तिचं चघळणं थांबलं. तिला अंगणात फटाके सोसायला लावायचे नव्हतेच.

जागा नांगरलेली निवडा. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, सगळीकडे वाळलेलं कुटार, एक ठिणगी पुरते. बादलीभर पाणी फोडणाऱ्याजवळ ठेवावं.

२० ऑक्टोबर : गोळीची चाचणी

डॉक्टरांनी दिवाळीच्या तीन रात्रींसाठी भीती कमी करणारी गोळी लिहून दिली आणि एका शांत दिवशी देऊन पाहायला सांगितलं. काही कुत्री अशा गोळीनं निवायच्या ऐवजी बिथरतात, ते ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळू नये. भुरी तासाभरात सैल पडली, चालताना किंचित डुलली, भूक वाढली. ठीक. गोळीचं नाव आणि मात्रा इथे देत नाही, ती वजन आणि तब्येत पाहून डॉक्टरांनीच ठरवायची. एवढं मात्र विचारून घ्या : नुसती गुंगी आणणारं ॲसप्रोमाझिन एकटंच देऊ नका म्हणावं. त्यानं कुत्रं हलत नाही म्हणून शांत दिसतं, आतली भीती तशीच राहते.

नवीन सोयाबीनचं कुटार आलं होतं, पोत्यांचा आणखी एक थर चढवला.

जुन्या सुती साडीची पट्टी छातीभोवती गुंडाळूनही पाहिली, दोन बोटं आत जातील इतकी सैल. काही कुत्र्यांना बरं वाटतं. भुरी नुसती ताठ उभी राहिली. काढून टाकली.

२९ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर, दिवाळी

रोजचा क्रम : साडेचारला लांब फेरी, दोरावरच. साडेपाचला पोटभर भाकरी-कोंबडी. गोळीच्या तीन रात्री डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी गोळी, म्हणजे पहिला बार व्हायच्या आधी. भीती चढल्यावर दिलेली गोळी लागू पडत नाही. सहापासून खिडक्या बंद, गोधडीचे पडदे, कूलर, रेडिओ, आणि एक माणूस खोलीत. साखळी कुठेच नाही. अंगणाचं फाटक आतून बांधलेलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशात दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली आहे. गावात १ तारखेला, लक्ष्मीपूजनाला, सहाला सुरू झाले ते साडेअकरापर्यंत. पहिल्या सुतळी बॉम्बला भुरी उठून उभी राहिली, कान मागे. मग पोतं चाटलं, त्यावरचा तुकडा उचलला, दोनदा चघळून थांबली, आणि पुन्हा चघळू लागली. नऊ वाजता एक बार भिंतीबाहेरच झाला. ती कोपऱ्यात शिरली, अंग कापत होतं. त्या वेळी घासाचा आग्रह केला नाही. माणूस तिच्याजवळ सरकून बसला, तिनं डोकं मांडीवर ठेवलं, त्यानं हात पाठीवर ठेवला. जवळ घेतल्यानं भीती वाढते हे खरं नाही, भीती काही लाडानं लागलेली सवय नाही. वीस मिनिटांनी घास घेतला. साडेबाराला झोपली.

२३ नोव्हेंबर

विधानसभेचा निकाल. दिवाळीसारखी वेळ ठरलेली नाही. दुपारी एकदम लडी, गुलाल, डीजे. भुरी अंगणात मोकळी होती, गोळी नव्हती, कूलर बंद होता. फाटकाकडे गेली नाही. धावत आत, कुटाराच्या पोत्यांमागे. माणूस खोलीत पोचायच्या आधी ती पोत्यावर बसलेली होती आणि खिशाकडे पाहत होती. चार मिनिटांनी पहिला घास. लडी जवळजवळ दहा मिनिटं चालली, तेवढ्यात अकरा तुकडे.

३० नोव्हेंबर

खर्च : पहिली तपासणी-औषध ६४०, दुसरी खेप आणि दिवाळीच्या गोळ्या ४८०, कोंबडी १,३५०, छातीचा पट्टा ४५०, दोर १८०, पोती आणि तट्टा २६०, लवंगी २२०. एकूण ३,५८० रुपये. आमच्या चुकांनी आणि त्या एका बारानं मिळून ३१ दिवस गेले.

राहिलेलं काम : कार्बाइडचा बार अजून १५० मीटरच्या आत सोसत नाही, त्यामुळे रात्रीची जागल अजून बंद. तुरीच्या काढणीआधी २०० मीटरपासून त्याची वेगळी मालिका घ्यायची आहे. स्पीकरच्या बैठका आठवड्यातून दोन, खूण ५ ते ७, चालूच. लग्नसराईत वरातीच्या दिवशी वावरात. कोपऱ्यातलं कुटार उन्हाळ्यात बदलायचं, जूनच्या पहिल्या वाऱ्याआधी.